ठरीव पैशांचा संसार

मुंबई-पुण्याच्या कारखान्यांतून निवृत्त होऊन गावी परतलेला मनुष्य प्रथम काही दिवस मोठ्या आनंदात असतो. भविष्यनिर्वाह निधीची व ग्रॅच्युइटीची रक्कम हाती आलेली असते, आणि इतका पैसा एकत्र असा त्याने जन्मात पाहिलेला नसतो. आमच्या अनुभवास असे आले आहे की, ह्या पुंजीचा निकाल बहुधा पहिल्या वर्षातच लागतो. मुलीचे लग्न, मुलाच्या नावे घर, दाराशी नवी मोटारसायकल. आणि मग उरते ते केवळ महिन्याचे निवृत्तिवेतन.

ते किती, हे आधीच पाहून ठेवलेले बरे. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत सप्टेंबर २०१४ पासून किमान रक्कम दरमहा १,००० रुपये ठरविण्यात आली. पुढे दहा वर्षे उलटली तरी तो आकडा हलला नाही. सरकारी नोकरास निवृत्तीनंतरही महागाईचा भत्ता वाढवून मिळतो. कारखान्यातील कामगारास ह्या योजनेत तशी सोय नाही. भाव वर्षाला शेकडा सहा ह्या दराने चढत गेले, तर बारा वर्षांत वस्तूची किंमत दुप्पट होते. ज्या पैशांत आज दोन किलो डाळ येते त्यांत तेव्हा एकच किलो येणार. शिवाय पतीच्या पश्चात पत्नीस साधारणतः निम्मेच निवृत्तिवेतन मिळते, ह्याचा विचार किती घरांत होतो?

म्हणून हाती आलेली पुंजी न मोडणे, हीच सुखाची पहिली अट आहे असे आम्हांस वाटते. पोस्टात २००४ पासून ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिचा व्याजदर शेकडा ८.२ झाला. त्या दराने पाच लाख रुपये ठेवले तर दर तिमाहीस १०,२५० रुपये मिळतात. नव्या ठेवींचा दर सरकार दर तिमाहीस जाहीर करते, तेव्हा पोस्टात विचारून घ्यावे. मात्र एकदा ठेव केली की पाच वर्षे तोच दर राहतो. खाते पतिपत्नींनी जोडीने उघडावे. आणि शक्य तोवर चार तिमाहींपैकी एका तिमाहीच्या व्याजास हात लावू नये. पुढे भाव चढतील तेव्हा हेच पैसे उपयोगी पडतात.

आमच्या माहितीत एक वृद्ध जोडपे आहे. पैसे आले की बाई प्रथम औषधांचे व विजेचे बाजूला काढतात, मग किराण्याचे. उरेल त्यात मासळी, आणि लग्नकार्यातील आहेर. परसात शेवगा, पपई, चार कोंबड्या. औषधे ते जनऔषधी केंद्रातून आणतात, कारण तेथे तीच द्रव्ये पुष्कळ स्वस्त मिळतात. आहेराच्या पाकिटात ते किती घालतात ह्याची गावात थट्टा होते, नाही असे नाही. पण थट्टा करणाऱ्यांपैकी दोघे त्यांच्याकडेच उसने मागावयास आल्याचे आम्हांस ठाऊक आहे!

मुलांविषयी लिहिणे अवघड आहे. मुले वाईट असतात असे नव्हे. त्यांचाही संसार ओढगस्तीचा असतो आणि बापाचा पैसा त्यांस दिसत असतो. तरी राहते घर हयातीत देऊन टाकू नये, असेच आम्ही विचारणाऱ्यास सांगतो. तसे करावयाचेच झाल्यास २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा माहीत असावा. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, त्या कायद्याखालील न्यायाधिकरणाकडून परत मिळविता येते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका वृद्ध मातेचे बक्षीसपत्र रद्द ठरविले. पण अट मुळात केलेली असली पाहिजे. वकिलाकडे जाल तेव्हा ती बक्षीसपत्रातच लिहावयास सांगा, आणि सही करण्यापूर्वी ती ओळ मोठ्याने वाचून घ्या.