खोट्या पत्त्याचं पॅकेट पहिल्याच दारात अडवा

महासंचालक, सर्ट-इन, नवी दिल्ली यांस,


२८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत आपण इंटरनेट कंपन्यांपासून डेटा सेंटरांपर्यंत सगळ्यांना सायबर घटना ६ तासांत कळवायला आणि लॉग १८० दिवस जपायला सांगितलंत. तपासासाठी ते हवंच. पण हल्ल्यांचा एक मोठा प्रकार असा आहे की त्यात लॉगच खोटं बोलतो. राउटर साधारणपणे पॅकेट कुठे जायचंय एवढंच बघतो. पाठवणाऱ्याच्या पत्त्याची शहानिशा करत नाही. हल्लेखोर तिथे सावजाचा पत्ता घालतो, उघड्या डीएनएस किंवा मेमकॅश्ड सर्व्हरला चिमुकला प्रश्न विचारतो आणि अवाढव्य उत्तर सावजावर कोसळतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये गिटहबवर असाच सेकंदाला १.३५ टेराबिटचा लोंढा आला. अशा वेळी सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रश्न विचारणारा म्हणून नोंद होते ती सावजाचीच.

हे खोटं पकडायची हुकमी जागा म्हणजे ग्राहकाची लाइन जोडलेला कंपनीचा स्विच. पॅकेट आत आलं की स्विचने पाठवणाऱ्याचा पत्ता आपल्याच रूटिंग टेबलात शोधायचा: याला उत्तर द्यायचं झालं तर ते याच पोर्टातून जाईल का? नसेल, तर पॅकेट टाकून द्यायचं. ही रिव्हर्स पाथ तपासणी. बऱ्याच उपकरणांवर इंटरफेसखाली एका ओळीची कमांड. पुढे लाखो पॅकेटांत मिसळल्यावर खरं-खोटं ओळखायला फारसा आधार उरत नाही. अशा गाळणीची शिफारस करणारा बीसीपी ३८ हा दस्तऐवज मे २००० चा आहे. तरी ती अनेक ठिकाणी कागदावरच राहिली, कारण तपासणी करायची पुण्यातल्या कंपनीने आणि वाचणार परदेशातला कुणाचा तरी सर्व्हर. असल्या कामाला बाजार स्वतःहून हात घालत नाही.

नेटवर्क सांभाळणाऱ्यांचा आक्षेप खोटा नाही. दोन कंपन्यांच्या लाइन घेतलेल्या ग्राहकाचं पॅकेट एकीकडून येतं, उत्तर दुसरीकडून जातं. तिथे कडक तपासणी प्रामाणिक ट्रॅफिकच मारते. पण २००४ च्या बीसीपी ८४ ने नेमका याच अडचणीचा विचार केला आहे, आणि तिथे ग्राहकाच्या पत्त्यांची यादी लावता येते. (‘लूज’ पद्धतीवर मात्र विसंबू नये. पत्ता टेबलात कुठेही सापडला की ती सोडून देते, आणि सावजाचा पत्ता बहुधा सापडतोच.) काही स्विचांवर तपासणी चालू केली की रूटिंग टेबलची क्षमता निम्मी होते, हेही खरं, पण ग्राहकाकडच्या स्विचला अख्ख्या इंटरनेटचे रूट लागतात कशाला? राहिले मिराईसारखे बॉटनेट. ते खऱ्या पत्त्यांवरूनही हल्ला करतात. मग तिथे निदान आपले १८० दिवसांचे लॉग कामी येतील.

तेव्हा निर्देशांत एक कलम वाढवावं: एका लाइनच्या ग्राहकाच्या पोर्टवर कडक तपासणी, बाकीच्यांना पत्त्यांच्या यादीची गाळणी. सुरुवात भाड्याने सर्व्हर देणाऱ्यांपासून व्हावी. घरगुती ग्राहक बहुधा नॅटमागे, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून टाकणाऱ्या राउटरमागे, असतो; भाड्याच्या सर्व्हरवरून मात्र हवा तो पत्ता घालून पॅकेट सोडायचा प्रयत्न सहज करता येतो. कलमाचं पालन होतं की नाही हे ग्राहकाच्याच बाजूने, मुद्दाम खोट्या पत्त्याची पॅकेटं सोडून तपासता येतं. अमेरिकेतल्या केडा या संशोधन केंद्राचं ‘स्पूफर’ त्यासाठीच आहे.

कळावे,
एक इंटरनेट ग्राहक