मैत्रीची किंमत झोपेत मोजावी काय?

(द्वितीय वर्ष, कला)

महाविद्यालयात ओळखी दिवसा होतात. मैत्री मात्र रात्री जमते. वसतिगृहात राहणाऱ्या कोणालाही हे पटेल. जेवणे आटोपली की एका खोलीत चारजण जमतात, चहा होतो आणि राजकारण, क्रिकेट, प्रेम, परीक्षा असे विषय निघता निघता दोन कधी वाजले ते कळत नाही. जो दहाला अंथरूण पसरतो त्याची 'म्हातारा' म्हणून थट्टा होते. ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला वाण नाही पण गुण लागतो, तशी एकाच्या जागरणाची सवय साऱ्या खोलीला लागते. सकाळच्या पहिल्या तासाला मागच्या बाकांवर जी पेंग दिसते, तिचे मूळ येथे आहे.

यावर प्राध्यापक मंडळी लवकर निजण्याचा उपदेश करतात. उपदेश खरा, पण अर्धा. एक तर आमच्या वयात शरीरातील घड्याळच थोडे उशिरा चालते, असे शास्त्र सांगते. दुसरे असे की, ज्यांच्या घरातून यापूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही, अशी आम्ही मुले या बैठकांत नुसत्या गप्पा मारीत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा, कोणता विषय घ्यावा, वर्गात प्रश्न विचारायची भीती इतरांनाही वाटते काय, हे घरी कोणाला विचारावे? हे शहाणपण मित्रांकडून मिळते आणि मित्र रात्रीच निवांत भेटतात.

परंतु या बैठकीची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. कोणी पहाटे वर्तमानपत्रे टाकतो, कोणी 'कमवा व शिका' योजनेत सकाळीच कामाला लागतो. तो जागला तर झोप जाते आणि झोपला तर मित्र दुरावतात. ज्याला दुपारी ताणून देता येते, त्याच्या हे ध्यानीही येत नाही. माझे वडील रात्रपाळी करतात. जागरण ही हौसेची गोष्ट असू शकते, हे मला त्यांना अजून समजावून सांगता आलेले नाही.

अमेरिकेत सॅन दिएगो येथे रँडी गार्डनर नावाचा १७ वर्षांचा विद्यार्थी शाळेतील विज्ञान प्रदर्शनासाठी डिसेंबर १९६३ ते जानेवारी १९६४ या काळात सलग २६४ तास जागा राहिला. त्याला जागे ठेवण्याचे काम त्याच्या दोन मित्रांनी केले. अखेरीस त्याला १०० मधून सात-सात वजा करीत जायला सांगितले, तेव्हा तो ६५ वर थांबला. आपण काय करीत होतो हेच तो विसरला होता! आपण काही अकरा दिवस जागत नाही. पण वर्षभर रोज दोन-तीन तासांची झोप एकमेकांची उडवायची आणि परीक्षेत आठवत नाही म्हणून नशिबाला बोल लावायचा, हा प्रकार त्याच जातीचा नव्हे काय? आमच्या वयाला सात ते नऊ तासांची झोप हवी, असे तज्ज्ञ सांगतात.

मग मैत्री सोडावी? मुळीच नाही. तिला थोडी दिवसा आणावी. मोकळा तास नुसता कँटीनमध्ये घालवण्याऐवजी अर्जांचे, पुस्तकांचे बोलणे तेव्हाच उरकावे. प्राध्यापकांनीही आठवड्यातून एक तास अशा शंकांसाठी राखून ठेवला, तर निम्मी जागरणे आपोआप टळतील. खोलीतील दिवा मात्र ज्याला पहाटे उठायचे आहे त्याच्या सोयीने मालवावा. कोजागरीला, गणपतीच्या आरासीला अवश्य जागावे. ती वर्षातून एकदाच येतात.

आपल्यासाठी रात्रभर जागणारा मित्र भाग्यानेच मिळतो, हे खरे. पण आपल्याला झोप आली आहे हे ओळखून 'आता नीज, उद्या बोलू' म्हणणारा मित्रही काही कमी मोलाचा नाही. दुसऱ्या दिवशी आपली जागा तो थट्टेला नव्हे, गप्पांना राखून ठेवतो.