साहेबाचा शेतमजूर पणजोबा

इंग्रज म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कलेक्टर उभा राहतो, नाहीतर घोड्यावरचा कर्नल. दुसऱ्याच्या शेतावर राबणारा, सहीच्या जागी फुली मारणारा इंग्रजही होता, हे आपल्या ध्यानीमनी नसते. गेल्या वर्षी इतिहासाच्या निबंधासाठी तिकडच्या जुन्या चर्चवह्यांची छायाचित्रे चाळू लागलो आणि हा माणूस मला प्रथमच भेटला.

१५३८ साली, आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, टॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. लोकांना पहिली शंका आली ती नव्या कराची! ती अगदीच खोटी ठरली नाही. १७८३ ते १७९४ या काळात दर नोंदीला तीन पेन्स पडत; कंगालांना तेवढी माफी. तेव्हा त्या वर्षांत पूर्वजाच्या नावापुढे ‘कंगाल’ दिसले तर वंशजाने लगेच डोळे पुसू नयेत. तीन पेन्स वाचवण्याची युक्तीही असू शकते.

शोध मागे मागे जातो. १८३७ पासून सरकारी जन्ममृत्यूनोंद आहे. त्याआधी, १८१३ पासून, बाप्तिस्म्याच्या छापील रकान्यांत बापाचा धंदा येतो आणि पानामागून पान ‘मजूर’, ‘मजूर’, ‘मजूर’. त्याच्याही मागे उरतात नुसती नावे. एकाच गावात चार विल्यम आणि पाच जॉन! शिवाय १७५२ पूर्वी इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला बदलत असे. १७०० च्या एप्रिलात लग्न आणि १७०० च्याच फेब्रुवारीत बाप्तिस्मा, असे पाहून कोणी पणजीवर संशय घेऊ नये. ती फेब्रुवारी लग्नानंतरची आहे.

पण एवढ्याने माणूस कळतो का? नाही. तो कळतो चर्चच्या त्याच पेटीतल्या दुसऱ्या कागदांतून. १६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसणे पॅरिशवर पडले. १६६२ च्या कायद्याने, कोणता गरीब कोणत्या पॅरिशचा हे ठरू लागले. मग मदत मागणाऱ्याला, किंवा पुढे मागेल अशी भीती वाटणाऱ्यालाही, न्यायाधीशापुढे उभे करत. जन्म कोठला? वर्षभर चाकरी कोणाकडे केली? मजुरी काय मिळाली? कारकून हे उत्तर शपथेवर लिहून घेई. अविवाहित गरोदर बाईला पोराच्या बापाचे नाव विचारत, ते खर्च वसूल करण्यासाठी. आणि पोराच्या बाप्तिस्म्यापुढे ‘अनौरस’ हा शब्द कायमचा लिहिला जाई.

घराण्याची मानचिन्हे शोधायला निघालेले पुष्कळ लोक येथे ओशाळतात. सरदार सापडला नाही, सापडली ती ही बाई. मग वंशवृक्षातली एक फांदी हळूच गाळली जाते. माझे म्हणणे अगदी उलटे आहे. जमीनदाराच्या नावाचा संगमरवर चर्चच्या भिंतीवर असतो, आणि त्याच्यावर त्याचे गुणच कोरलेले असतात. मजुराच्या जबानीत मात्र त्याने पायी तुडवलेली गावे आहेत, धन्यांची नावे आहेत, हातात पडलेले पैसे आहेत. ती भीतीपोटी दिलेली आहे, कारकुनाच्या भाषेत आहे, हे मान्य. तरीही एवढी जवळची हकीकत दुसरीकडे मिळत नाही. ती गाळणारा वंशज आपल्याच पणजीला पुन्हा एकदा गावाबाहेर काढतो, असे मला वाटते.

आमच्या एका सरांनी विचारले, “या कागदांत नसलेल्यांचे काय?” प्रश्न रास्त होता. ज्याने कधी हात पसरला नाही, ज्याला हाकलावे असे कोणाला वाटले नाही, त्याची जबानी नाही. बाप्तिस्म्याची एक ओळ, दफनाची एक, आणि १७५४ नंतर लग्न झाले असेल तर वहीतली ती फुली, त्याच्या स्वतःच्या हातची. मी काही फुल्या मोठ्या करून पाहिल्या. एकीची शाई खाली ओघळलेली होती. लगेच तिच्याखाली पुढचे लग्न सुरू झाले होते.