हक्कसोड, पण वाचून

कोरेगाव तालुक्यात घेवडा आणि आले पिकवणाऱ्या रानांच्या सातबाऱ्यावर वडिलांमागे भावाबहिणींची नावे लागतात आणि लगेच हक्कसोडपत्राची घाई सुरू होते. बहीण माहेरी येते, निबंधक कार्यालयात अंगठा उमटतो, फेरफार होतो. 1994 साली महाराष्ट्राने आणि 2005 मध्ये देशाने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिला. तो मायेपोटी सोडायचा की घ्यायचा, हे तिनेच ठरवावे. पण माहेर तुटेल या धास्तीने केलेली सही आम्हाला मान्य नाही. नोंदवलेला दस्त फिरवायला दिवाणी न्यायालय गाठावे लागते. दुय्यम निबंधकांनी प्रत्येक बहिणीला एकटीला बसवून मजकूर वाचून दाखवावा, मगच सही घ्यावी.