वरच्या मजल्याचा उन्हाळा आणि थर्ड इयरचं गणित

मेकॅनिकल करून आयटीत आलेल्यांची आपल्याकडे कमी नाही. मीही त्यातलाच. दिवसभर जावा आणि एसक्यूएलशी झटापट चालते, पण थर्ड इयरचा 'हीट ट्रान्सफर' मात्र दर एप्रिलला हमखास आठवतो. कारण पुण्यात टॉप फ्लोअरला राहणारे मित्र तेव्हा एकच प्रश्न विचारतात, "दीड टनाचा एसी घेऊ की दोन टनाचा?"

माझं मत सरळ आहे. आधी डोक्यावरच्या स्लॅबकडे बघा, मग एसीकडे.

जरा गणित करू. (घाबरू नका, ओहमचा नियम आठवत असला की पुरे!) करंटच्या जागी उष्णता, व्होल्टेजच्या जागी तापमानातला फरक, आणि रेझिस्टन्स तोच. 'स्टेडी स्टेट' म्हणजे स्लॅबमधल्या कुठल्याच बिंदूचं तापमान वेळेनुसार बदलत नाही. वरून जेवढी उष्णता शिरते, तेवढीच खालून खोलीत उतरते. काँक्रीटमधून जाते ते कंडक्शन, ज्याचा नियम फूरिएने १८२२ च्या ग्रंथात मांडला. पृष्ठभाग आणि हवा यांच्यातली देवाणघेवाण म्हणजे कन्व्हेक्शन.

आता एक चौरस मीटर स्लॅब घ्या. गच्चीवरच्या वाऱ्याचा रेझिस्टन्स साधारण ०.०५, पंधरा सेंटिमीटर काँक्रीटचा ०.१० आणि छताखालच्या संथ हवेचा (रेडिएशन धरून) ०.१७. बेरीज ०.३२. गंमत बघा, छताला चिकटलेला हवेचा पातळ थर अख्ख्या स्लॅबपेक्षा जास्त अडवतो! म्हणजे स्लॅब दुप्पट जाड केला तरी उष्णता जेमतेम पाव हिस्सा कमी होणार.

बाहेर ३८ अंश, ऊन चौरस मीटरला ९०० वॅट आणि गच्ची त्यातलं ६० टक्के शोषते असं धरा. हिशेबाला बाहेरचं तापमान ६५ अंश होतं. आत ३० अंश हवे असतील तर ३५ भागिले ०.३२, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ११० वॅट. बारा चौरस मीटरच्या बेडरूमला १३०० वॅट. दीड टनाचा एसी सुमारे ५३०० वॅट उपसतो. म्हणजे त्याची पाव ताकद नुसत्या छताशी लढण्यात जाते.

गच्चीला पांढरा रंग दिला आणि शोषण ३० टक्क्यांवर आणलं तर १३०० चे ८०० होतात. स्लॅबवर पाच सेंटिमीटर फोमचा थर टाकला तर एकूण रेझिस्टन्स जवळपास २ होतो आणि १३०० चे होतात २१०. एक षष्ठांश!

"पण ऊन कुठे स्टेडी असतं?" बरोबर. स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि काही तासांनी सोडतो, म्हणून रात्री नऊलाही छत तापलेलं असतं. वरचे आकडे भर दुपारचे, वरच्या टोकाचे आहेत. पण चोवीस तासांची सरासरी घेतली तर सूत्र हेच लागतं, आणि फोमने होणारी घटही तेवढीच राहते.

मग हे होत का नाही? कारण ते फिजिक्समध्ये नाही, एजीएममध्ये आहे. गच्ची सगळ्यांची, उन्हाळा मात्र वरच्यांचा. "त्रास तुम्हाला, खर्च आम्ही का करायचा?" हे वाक्य ऐकलं नाही असा टॉप फ्लोअरवाला विरळाच. माझा प्रतिप्रश्न असा, की गच्ची गळते तेव्हा पाणीही वरच्यांच्याच घरात येतं ना? तरी वॉटरप्रूफिंग सोसायटीच्या पैशातून होतं, कारण गच्ची सामायिक आहे. मग पाण्याला एक न्याय आणि उष्णतेला दुसरा का? शिवाय वरून इन्सुलेशन असलं की स्लॅब रोज कमी फुगतो-आकसतो, भेगा कमी पडतात. यात खालच्यांचाही फायदा आहेच. वॉटरप्रूफिंग नव्याने करायची वेळ येईल तेव्हाच हा थर टाकून घ्यावा. तोडफोड, मजुरी एकदाच.

पत्र्याच्या घरांचा प्रश्न याहून बिकट आहे. पत्र्याचा स्वतःचा रेझिस्टन्स जवळजवळ शून्य. तिथे पांढऱ्या रंगाचा एक हात हीदेखील मोठी गोष्ट असते. तेलंगणाने २०२३ साली कूल रूफचं धोरणच आणलं. आपल्याकडच्या जुन्या लोकांनी तर माळवद आणि धाब्याच्या घरांवर मातीचे जाड थर घातले होते, कुठलंही सूत्र न लिहिता.

केंद्राच्या २०१८ च्या 'इको निवास संहिते'त घराच्या छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे रेझिस्टन्सचा व्यस्त, जास्तीत जास्त १.२ असावा असं म्हटलंय. आपल्या उघड्या स्लॅबचा येतो ३.१.

तेव्हा मंडळी, टॉप फ्लोअरचा फ्लॅट बुक करणार असाल तर मॉड्युलर किचनचं कौतुक ऐकून झाल्यावर बिल्डरला एवढंच विचारा, "छताचा यू-व्हॅल्यू किती?" आणि फ्लॅट आधीच घेतला असेल तर हा हिशेब एका कागदावर मांडून पुढच्या एजीएमला घेऊन जा. भांडण होईलच, पण निदान आकड्यांवर होईल.