खाणावळीतील पडदा

एखाद्या शहराची परीक्षा करावयाची असल्यास तेथील देवालये व कचेऱ्या पाहण्याआधी तेथील खाणावळ पाहावी, असे आमचे मत आहे. कचेरीत मनुष्य कायद्याच्या धाकाने नीट वागतो. खाणावळीत तो भुकेने येतो, आणि शेजारच्या पाटावर कोण बसला आहे हे पाहून तो उठून जातो की घास घेतो, यावरून समाजाची खरी प्रकृती कळते. या दृष्टीने चंद्रपूरच्या जुन्या सावजी खाणावळींविषयी आज आम्हांस दोन शब्द लिहावयाचे आहेत. पैकी पहिला स्तुतीचा आहे व दुसरा तक्रारीचा.

सावजी रश्शाची ओळख नागपूर-चांदा भागातील वाचकांस करून देण्याचे कारण नाही. हलबा-कोष्टी विणकरांच्या घरांतला हा स्वयंपाक. १८७७ साली नागपुरास एम्प्रेस मिल सुरू झाली, गिरणीच्या कापडापुढे हातमाग हळूहळू मागे पडत गेला, आणि पुढे मागावर पोट भरेना तेव्हा या समाजातील कित्येक कुटुंबांनी माजघरातल्या चुलीलाच धंद्याचे साधन केले. जवसाचे तेल, भाजलेले सुके खोबरे, खसखस, दगडफूल आणि मिरी यांचे वाटण, त्यात शिजलेले मटण व वर तरंगणारी लाल तर्री, एवढ्या भांडवलावर या खाणावळींनी नाव मिळविले. चंद्रपुरात कोळशाच्या खाणी, शेजारी बल्लारपूरची कागद गिरणी आणि मागाहून औष्णिक विद्युत केंद्र आले. घरदार गावी ठेवून आलेल्या कामकऱ्यास या खाणावळीने घरच्यासारखे जेवू घातले.

आणि जेवू घालताना जात विचारली नाही. ही गोष्ट लहान नव्हे. पुण्यास १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याच्या निमित्ताने न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवरही ग्रामण्य आले, व प्रायश्चित्ताचा वाद पुढे दीर्घकाळ चालला. कोल्हापुरास गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढिले, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा उघडपणे पिण्यास शाहू महाराजांसारखा छत्रपती पुढे व्हावा लागला. पंक्तिभेद आज सर्वत्र नाहीसा झाला आहे, असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. तथापि ज्या बाकावर खाणकामगार, वकील, कारकून व बाजारातला हमाल एका ओळीने बसून एकाच पातेल्यातला रस्सा ओरपतात, त्या बाकाने समाजाचे काम शंभर व्याख्यानांहून अधिक केले आहे.

आता तक्रार. या बाकावर पुरुषच बसतो. स्त्री आलीच, तर तिच्यासाठी मागे एक कोंदट खोली असते. दारावर मळका पडदा असतो व वर 'फॅमिली रूम' अशी पाटी असते. एकटी स्त्री तर तेथेही संशयाची धनी होते. ज्या खाणावळीची कीर्ती घरच्या बायकांनी पाट्यावर वाटलेल्या मसाल्यावर उभी राहिली, तिच्या दिवाणखान्यात बाईलाच जागा असू नये, हा न्याय कोणता?

कायदा याविषयी मुग्ध नाही. २६ जानेवारी १९५० पासून अमलात असलेल्या संविधानाचा अनुच्छेद १५, खंड २ सांगतो की, दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांतील प्रवेशाबाबत केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणाने कोणाही नागरिकावर निर्बंध अथवा शर्त लादता येणार नाही. वाचकांनी पाहावे की जात आणि लिंग ही दोन्ही एकाच वाक्यात आहेत. या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर १६ ऑक्टोबर १९५६ रोजी याच चंद्रपुरात आले होते व येथे त्यांच्या हस्ते धम्मदीक्षेचा सोहळा झाला. त्या वाक्याचा जातीपुरता अर्धा भाग लोकांनी झगडून वसूल केला. त्यास १९५५ च्या अस्पृश्यता अपराध अधिनियमाचे, म्हणजे हल्लीच्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाचे, दंडाचे बळही मिळाले. उरलेला अर्धा भाग मात्र कोणी मागितलाच नाही.

कोणी म्हणेल, पडदा स्त्रियांच्याच सोयीसाठी आहे. अनुच्छेद १५, खंड ३ त्यांच्यासाठी विशेष सोय करण्यास मुभा देतोच. परंतु ती मुभा राज्यास आहे, खाणावळवाल्यास नाही. आणि जी सोय घेण्यावाचून गत्यंतर नाही, तिला सोय म्हणणे भाषेचा दुरुपयोग होय. लंडन शहरात वकील व पत्रकारांच्या आवडीचे एल व्हिनो नावाचे मद्यगृह होते. तेथे स्त्रियांस मद्य मिळे, पण पुरुषांप्रमाणे पुढच्या दालनात उभ्याने नव्हे, मागच्या खोलीत टेबलावर. यात अन्याय तो काय, असा मालकांचा सवाल होता. १९८२ साली तेथील अपील न्यायालयाने ही रीत बेकायदेशीर ठरविली. पडद्याची कैफियतही याहून निराळी नाही.

दुसरा आक्षेप दारूचा. चंद्रपूर जिल्ह्यातील दारूबंदी १ एप्रिल २०१५ रोजी आली व २०२१ साली उठली. काही ठिकाणी जेवणाबरोबर बाटलीही निघते, तेथे बायकांनी कसे बसावे, असे विचारतात. आमचे उत्तर सरळ आहे. दंगा पिणारा करतो, तेव्हा बाहेर त्याला काढावे. त्याच्या वर्तनाची शिक्षा जेवावयास आलेल्या बाईने का भोगावी?

हा प्रश्न चैनीचा नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांस राखीव आहेत. जिल्हा परिषदेच्या बैठकीस येणारी सरपंच, गडचिरोलीकडून कोर्टाच्या तारखेस किंवा दवाखान्यात आलेली बाई, वनरक्षक, परिचारिका, एस.टी.ची महिला वाहक, या सर्वांना दुपारी भूक लागते. गावचा जमाखर्च जिच्या सहीने चालतो, तिने डबा झाडाखाली खावा, किंवा उपाशी परतावे, हे शहरास शोभत नाही.

स्त्रीस पडद्याआड बसविल्याबद्दल दंड सांगणारा वेगळा कायदा नाही. म्हणून हे काम लोकमतानेच झाले पाहिजे. खाणावळवाल्यांस आमची सूचना एवढीच की, ज्यांना आडोसा हवा त्यांच्यासाठी खोली खुशाल राहू द्या, पण आत आलेल्या बाईस प्रथम पुढच्या बाकावरची जागा दाखवा, आणि स्वच्छ शौचकूप ठेवा. व्यापारी वाचकांस सांगावयास नको की यात गिऱ्हाईक दुप्पट होण्याचा संभव आहे. इतर वाचकांनी येत्या रविवारी आई, बहीण, पत्नी यांस घेऊन जावे व पुढच्या बाकावर बसावे. चार घरांनी असे केले, तर पडदा काढावयास कोणास हुकूम द्यावा लागणार नाही.