पट्टी भरा, पण आधी हिशेब मागा



उज्जैनला क्षिप्रेच्या राम घाटावर पहाटे स्नान करून पायरीवर बसलो होतो. शेजारी माळव्यातला एक शेतकरी अंग पुशीत होता. माझी मास्तरी हिंदी त्याला कशीबशी कळली. त्याची जमीन सिंहस्थाच्या पट्ट्यात. बारा वर्षांनी एकदा सरकार ती काही महिन्यांकरिता घेते, साधूंचे तंबू उठतात, भरपाई मिळते आणि जमीन परत नांगराखाली येते. २०२८ च्या सिंहस्थासाठी मात्र अशा जमिनी ‘लँड पूलिंग’ करून कायमच्या घ्यायच्या, असा बेत झाला. शेतकरी उठले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारला माघारीची घोषणा करावी लागली. मी विचारले, “तुम्ही लोकांनी प्रथम काय केले?” तो म्हणाला, “मास्तरजी, पहिल्यांदा कागद वाचून घेतला.”

त्याचे हे वाक्य मी गाठीला बांधून आणले. कारण आपल्याकडे नेमके उलटे होते. घरपट्टीचे बिल आले की आपण आधी शिव्या देतो, मग उसने काढून पैसे भरतो, आणि कागद दाराच्या आड खिळ्याला टोचून ठेवतो. वाचतो कोण?

देवळाच्या गावात राहणारा मी माणूस, म्हणून एक सांगतो. महाकालाचे आजचे देऊळ अठराव्या शतकात उभे राहिले ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांच्या हातून. आपल्या कोकणपट्टीतला माणूस, म्हणून आपण छाती फुगवतो. पण तो पैसा शेवटी माळव्यातल्या कुणब्याच्या शेतातूनच आला असणार. कर हा राज्याला लागतोच. रस्ता, दिवा, नळ हे आभाळातून पडत नाहीत. तेव्हा ‘पट्टीच नको’ म्हणणाऱ्याच्या मागे मी जाणार नाही, तुम्हीही जाऊ नका. भांडण आहे ते आकड्याचे.

आता आकडा कसा होतो ते पाहू. माझे आजोळ तेरेखोलच्या पलीकडे, सिंधुदुर्गात. तिथे मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा, ज्याला आता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम म्हणतात. २०१५ च्या अखेरीस तिथले नियम बदलले आणि घरपट्टी भांडवली मूल्यावर बसू लागली. हिशेब असा: घराच्या क्षेत्रफळाला जमिनीच्या दराने गुणायचे. त्याच क्षेत्रफळाला बांधकामाच्या दराने आणि घसाऱ्याच्या दराने गुणायचे. दोन्हींची बेरीज करायची, तिला वापराच्या भारांकाने गुणायचे आणि हजारी जो कराचा दर ठरला असेल तो लावायचा. राहत्या घराचा भारांक १, दुकान असेल तर १.२५.

फळ्यावर मांडतो तसे मांडू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. घर ५० चौरस मीटर, जमिनीचा दर मीटरला १००० रुपये, बांधकामाचा १०,०००, घर जुने म्हणून घसारा ०.८०. जमिनीचे झाले ५०,०००, बांधकामाचे ४,००,०००. एकूण साडेचार लाख. हजारी एक रुपया दर धरला तर पट्टी ४५० रुपये. आता कारकुनाने घसारा लावलाच नाही, तर पट्टी ५५०. ओटीवर चार जाळी आणि दोन टोपल्या पाहून ‘व्यापारी’ असे लिहिले, तर ५६२ रुपये ५० पैसे. मोजमापात ५० चे ७० झाले, तर ६३०. कायद्याचे एक अक्षर न बदलता कागदावर बसल्या जागी ही वाढ होते, आणि ती दर वर्षी भरावी लागते.

शेतकऱ्याने आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. त्या कायद्याच्या कलम १२४ प्रमाणे ज्या जमिनीवर शेतसारा आहे तिच्यावर पंचायत पट्टी बसवू शकत नाही. पण त्याच जमिनीत उभ्या असलेल्या इमारतीवर बसवू शकते. म्हणजे भात पिकते त्या कुणग्याला घरपट्टी नाही, पण त्यात बांधलेल्या मांगराला ती लागू शकते. तेव्हा बिलात ‘जमीन’ म्हणून जे लिहिले आहे ते कोणते, हे बोट ठेवून विचारा.

आजोळच्या घरी मी हेच केले. माझा मामा ऐंशीच्या घरातला. बिल जास्त येते म्हणून कुरकुरायचा आणि भरायचा. मी पंचायतीतून नमुना ८ चा उतारा मागितला. आकारणीची नोंद त्यात असते, मागणीची नमुना ९ मध्ये आणि पावती नमुना १० ची. उतारा पाहतो तर गुरांचा गोठा, जो कधीच पडून गेला होता, तो राहती खोली म्हणून चढलेला! अकरा वर्षे मामाने न उभ्या असलेल्या खोलीची पट्टी भरली. दोष कुणाचा म्हणू? लिहिणाऱ्याचा आहेच. पण घरात दोन मास्तर असून अकरा वर्षे कागद न वाचणाऱ्यांचाही आहे, त्यात मी आलो.

आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते. यादी लागते तेव्हा हरकत घ्यायची, तीही लेखी, आणि पोच घ्यायची. पंचायतीने ऐकले नाही तर पंचायत समितीकडे अपील आहे. थकबाकी ठेवून रुसून बसू नका, कारण थकबाकीसाठी घरातली चीजवस्तू जप्त करण्याचा अधिकार पंचायतीला आहे. आणि मागणी होऊनही जो सदस्य स्वतःची पट्टी मुदतीत भरत नाही त्याचे सदस्यत्व जाऊ शकते, हेही त्याच कायद्यात आहे. ग्रामसभेत हा प्रश्न विचारून पाहा, मौज वाटेल.

आपल्या गोव्यात १९९४ चा पंचायत राज कायदा आहे आणि दर वेगळे आहेत. पण क्षेत्रफळ किती धरले, वापर कोणता लिहिला, नाव कोणाचे घातले, हे प्रश्न इथेही तेच. नावाबद्दल मुंडकार आणि किनाऱ्यावरच्या रापणकारांनी विशेष जपावे. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा दाखला नव्हे. तुम्ही तिथे राहता याचा तो पुरावा होऊ शकतो, आणि म्हणूनच ती भाटकाराच्या नावावर की तुमच्या, हे पाहायचे.

मोठ्या लढ्यातही असाच हिशेब होता. १९२७ साली सुरत जिल्ह्यातल्या बारडोली तालुक्यात सरकारने सारा २२ टक्क्यांनी वाढवला. वल्लभभाईंनी शेतकऱ्यांना सारा न देण्याची शपथ दिली, पण मागणी काय केली? निःपक्ष चौकशी करा, एवढीच. जप्त्या झाल्या, म्हशी गेल्या, लोक हटले नाहीत. शेवटी ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या सरकारच्याच दोन अधिकाऱ्यांनी गावोगाव फिरून हिशेब तपासला, आणि २२ टक्क्यांची वाढ ६ टक्क्यांच्या आसपास आली.

त्याआधी १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी उठले होते. कापसाचा भाव कोसळलेला, नव्या मोजणीत सारा वाढलेला. त्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. सावकार काही साधू नव्हते, पण साऱ्याची वही मामलेदार कचेरीत सुरक्षित राहिली.

मामाची खोली अखेर कमी झाली. अपिलापर्यंत जावे लागले नाही, दोन अर्ज आणि एक पंचनामा पुरला. गेल्या अकरा वर्षांचे जास्तीचे पैसे परत कसे मिळायचे, असा तिसरा अर्ज त्याने आता स्वतःच्या हाताने लिहून दिला आहे. उत्तर यायचे आहे. पोच मात्र त्याने घेतली आहे, आणि ती खिळ्याला न टोचता ट्रंकेत ठेवली आहे.